धनराजने खणलेला झिरा

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा शेवटचा पेपर देऊन मी बाहेर आलो, तेव्हा गावाकडचा माझा चुलतभाऊ कॉलेजच्या फाटकाशी उभा होता. तो कॉलेजच्या बाजूला, देवपूरला, कधी येत नाही. कापसाची गाडी घेऊन धुळ्यात आला तरी पांझरा नदीच्या पलीकडूनच परत फिरतो. त्याच्या वहाणा धुळीने पांढऱ्या झाल्या होत्या आणि हातात साधी पिशवीसुद्धा नव्हती. मी काही विचारायच्या आतच तो म्हणाला, "धनराज वारला. तार उनी." मी विचारले, "कोणता धनराज?" आमच्या गावात एकच धनराज आहे. तरी मी विचारले, आणि त्याचे उत्तर येईपर्यंत मला खरोखर वाटत होते की तो दुसऱ्याच कोणाचे तरी नाव सांगेल... त्याने माझ्या हातातली दौत घेतली, बूच नीट बसवले आणि म्हणाला, चल, साक्रीची गाडी सुटेल.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. मला लिहिण्याची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, आणि साऱ्या गावात धनराज पहिला. तो गेल्यावर त्याच्याबद्दल चार ओळी कोणीतरी लिहायला हव्यात, असे भूगोलाचे सर म्हणाले. मला ते जमेल का, ठाऊक नाही. धनराज राजस्थानच्या वाळवंटात, पाण्याचा शोध घेणाऱ्या एका सरकारी सर्वेक्षण पथकाबरोबर गेला होता आणि तिथेच गेला. एवढे एक वाक्य लिहायलाही मला दोन दिवस लागले.

आमचे गाव साक्रीच्या पश्चिमेला, कान नदीच्या काठी आहे. नदी म्हटले तरी संक्रांतीनंतर तिच्यात वाळूच असते. विहिरी खडकात, त्या आटल्या की गावातल्या बायका नदीच्या पात्रात झिरे खणतात. झिरा म्हणजे वाळूत हाताने केलेला खड्डा. कोपरभर खाली गेले की तळाशी पाणी हळूहळू जमा होते. पहिले गढूळ पाणी वाटीने उपसून टाकायचे, मग थांबायचे, मग निवळ पाण्याने हंडा भरायचा. धनराजची आई, ज्यांना सारे गाव अक्का म्हणते, झिऱ्याची जागा हेरण्यात फार तरबेज. सकाळी ऊन चढायच्या आत त्या पात्रात उतरतात, कुठली वाळू उशिरा सुकते ते पाहतात आणि तिथेच बसतात. धनराज लहानपणापासून त्यांच्याबरोबर जायचा. मुलगे पाण्याला जात नाहीत आमच्याकडे, म्हणून बाकीची पोरे त्याला चिडवायची, "धनाबाई, हंडा डोक्यावर ले." त्याला त्याचे काही वाटत नसे. एकदा त्याने मला झिऱ्यात हात घालायला लावला होता, म्हणजे माझा हात धरून त्याच्या हातासोबत खाली नेला होता. वर वाळू तापलेली, आणि बोटांना एकदम गार लागले. तो म्हणाला, "देख, पानी उनं." बघ, पाणी आले. पाणी दिसत नव्हते. फक्त गार होते.

धुळ्याला आम्ही देवपुरात एका खोलीत दोन वर्षे राहिलो. तो शास्त्र शाखेच्या शेवटच्या वर्गांना, मी अगदी नवखा. स्टोव्हवर खिचडी तो करायचा, भांडी मी घासायचो. माझे इंग्रजी इतके कच्चे होते की वर्गात प्राध्यापक हसले की मीही हसत असे, कशाला ते कळत नसे. धनराजने एक उपाय काढला. कॉलेजच्या ग्रंथालयात ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात गेलेल्या पहिल्या मोहिमांवरचे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होते. ते कोणी नेत नसे. त्याने ते आणले आणि रोज संध्याकाळी शब्दकोश मांडीवर घेऊन आम्ही एकेक पान लावायला लागलो. त्यात एक घडीचा नकाशा होता. किनाऱ्याने गावे, नद्या, डोंगर, सगळे दाटीवाटीने. आणि मधोमध कोरी जागा. आपल्या महाराष्ट्राएवढी कितीतरी राज्ये मावतील एवढी कोरी. धनराज त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून बराच वेळ बसायचा. त्याला ती माणसे आवडत. घोडे, उंट, पिठाची पोती घेऊन निघालेली, परत येतील की नाही ते माहीत नसलेली. एका मोहिमेतली माणसे अर्धमेल्या अवस्थेत तळावर पोचली, तर तिथे थांबलेले साथीदार त्याच दिवशी सकाळी निघून गेले होते. चुलीतले निखारे अजून गरम होते... हे वाचले त्या संध्याकाळी आमची खिचडी करपली.

पण सर्वांत जास्त आम्ही बोललो ते नावेबद्दल. एक मोहीम वाळवंटात चक्क नाव ओढत घेऊन गेली होती. त्या देशातल्या काही नद्या किनाऱ्याकडे न येता आत वाहतात, तेव्हा आत कुठेतरी समुद्र असणारच, असा त्यांचा हिशेब. समुद्र नव्हता. नुसती वाळू आणि दगड. सुट्टीत गावी गेल्यावर धनराजने हा सगळा वृत्तान्त निंबाखाली बसलेल्या मंडळींना सांगितला. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या आबांनी तो शेवटपर्यंत मन लावून ऐकला आणि विचारले, मग त्या नावेचे काय केले? धनराज म्हणाला, तिथेच टाकून आले. आबांना फार वाईट वाटले. "फळ्या तरी काढी लेतात," ते म्हणाले, "दोन खाटला व्हतात." निदान फळ्या काढून घ्यायच्या, दोन खाटा झाल्या असत्या. त्यावर सगळे हसले, धनराज सर्वांत जास्त. खोलीवर परतल्यावर मात्र तो मला गंभीरपणे म्हणाला होता की ती माणसे मूर्ख नव्हती. "त्यांच्या गावच्या नद्या समुद्राला मिळत होत्या. त्यांनी आपल्या गावची नदी डोक्यात घालून नेली, एवढंच चुकलं." हे वाक्य मी आत्ता लिहिले आणि पेन खाली ठेवले. ते मी खोडणार होतो. पण तो असे म्हणाला होता, हे खरे आहे.

बी.एस्सी. झाल्यावर त्याला सर्वेक्षण पथकात मदतनिसाची जागा मिळाली. राजस्थानच्या वाळवंटात, जिथे वस्ती फार विरळ, तिथे जमिनीखाली पाणी कुठे व कसे आहे ते पाहत हे पथक फिरत असे. निंबाखाली पुन्हा चौकशी झाली. आबांनी विचारले, नोकरी कसली? पाणी शोधायची, धनराजने सांगितले. "मंग इतला दूर कसाले जास?" आबा म्हणाले, "आठे काय पूर उना का?" इथे काय पूर आला आहे का. साक्रीच्या बाजारात कापडाचे दुकान असलेले मारवाडी शेठजी आहेत; अक्कांचे लुगडे वर्षानुवर्षे त्यांच्याकडूनच येते. धनराज तिकडे निघाला म्हटल्यावर त्यांनी त्याला बसवून घेतले, चहा मागवला आणि वाळवंटाबद्दल खूप काही सांगितले. उठताना धनराजने सहज विचारले, तुम्ही शेवटचे कधी गेला होतात? शेठजी म्हणाले, "अरे, आजोबा आले होते इकडे. मी कुठे पाहिलंय?" तरी त्यांनी डोक्याला बांधायला एक लांबलचक पांढरे कापड दिले. तार आल्यावर ते आमच्या गावी आले, नानांसमोर, म्हणजे धनराजच्या वडिलांसमोर, हात जोडून बसून राहिले आणि तसेच उठून गेले. जणू ते वाळवंट त्यांच्याच घरचे होते.

आमची शेवटची भेट होळीला झाली. तो काळा पडला होता, ओठ फुटले होते, पण भलताच खुशीत होता. म्हणाला, आम्ही पाणी शोधायला निघतो आणि पाणी पिपात भरून बरोबर नेतो. त्यांच्या नकाशावर अजून कोऱ्या जागा आहेत, हे तो मला दोनदा सांगून गेला. निघायच्या दिवशी पहाटेच तो अक्कांबरोबर नदीत गेला होता. नोकरीवाल्या माणसाने हे काय करायचे, म्हणून नाना कुरकुरले. तो ओल्या वाळूने भरलेल्या हातांनीच एस.टी.त चढला, आणि खिडकीतून हात झटकत राहिला...

तारेत फक्त तो गेल्याचे होते. तिकडे उन्हाळा कडक, अंतर फार, म्हणून अग्निसंस्कार तिथेच केले, असे नंतर पत्राने कळवले. अक्कांनी मुलाला पाहिलेच नाही. त्या रडल्या नाहीत असे नाही, पण मधेच थांबून समोरच्याला विचारत, "तुम्हनी देखं का त्याले?" तुम्ही पाहिले का त्याला. कोणीच पाहिले नव्हते.  मे महिन्यात निरोप आला की पथकाच्या जीपचा चालक, हरिराम नावाचा, धनराजची पेटी घेऊन जळगावला उतरतो आहे. त्याला घ्यायला मी गेलो. जळगाव स्टेशनवर मी त्याला पेटीवरून ओळखले. ती पेटी आम्ही दोघांनी धुळ्यात घेतली होती. हरिराम चाळिशीचा, उंच, एका पायाने लंगडणारा. चहा नको म्हणाला. धुळ्याच्या गाडीत आम्ही पेटी पायाशी घेऊन बसलो, आणि एरंडोल गेल्यावर तो आपणहून बोलायला लागला.

त्याने जे सांगितले ते असे. तो आणि धनराज जीप घेऊन एक जागा पाहायला गेले होते, संध्याकाळपर्यंत परत यायचे होते. वाटेत जीप खड्ड्यात आदळून कलंडली. आस तुटला, हरिरामचा पाय मोडला आणि पाण्याचे पीप फुटले. पथकाचा नियम असा की काही झाले तरी गाडी सोडायची नाही. शोधायला येणाऱ्यांना गाडीच दिसते. त्यांनी तो दिवस गाडीच्या सावलीत काढला. दुसऱ्या दिवशी हरिरामला ग्लानी यायला लागली. तेव्हा धनराज म्हणाला, येताना आपण एक कोरडे पात्र ओलांडले, तिथे मी पाणी काढतो. हरिरामने त्याला नको म्हटले. इथल्या वाळूचा भरवसा नाही, म्हणाला. धनराज हसला. "बोला, मेरी माँ रोज निकालती है," हरिराम मला म्हणाला, आणि खिडकीबाहेर पाहू लागला.  पारोळ्याला त्याने राहिलेले सांगितले. पथकाने आधी त्याला शोधले, आणि त्यानंतर धनराजला. पात्रात कमरेएवढा खड्डा होता. धनराज काठावर पडला होता, डबा जवळ. आणि खड्ड्यात पाणी होते.

मला काही समजेना. मी म्हटले, पाणी होते ना? तो म्हणाला, "खारा था, बाबू. ज़हर जैसा." आणखी खाली गोडे लागेल म्हणून तो खणत राहिला असावा. गाडीत माणसे उतरत होती, चढत होती, कोणीतरी कोंबडी घेऊन बसले होते. मी हरिरामकडे बघत होतो आणि माझ्या मनात एकच येत होते, की धनराजची जागा चुकली नव्हती. अक्कांनी शिकवले तसेच त्याने केले होते. बरोबर जागी बसला होता... हरिराम म्हणाला, माँजींना यातले काही सांगू नकोस. ऊन लागले, झोपेतच गेला, असे मी सांगतो. मी होकार दिला. मला ते खरोखर योग्य वाटले होते.

धनराजच्या घरी ओसरीवर नाना आणि अक्का बसले होते. आल्याबरोबर अक्कांनी हरिरामपुढे गूळ आणि पाण्याचा तांब्या ठेवला. त्याने पेटी पुढे केली, हात जोडले आणि ठरल्याप्रमाणे हिंदीत सांगितले. मी ते अक्कांसाठी अहिराणीत केले: ऊन लागले, झोपेत गेला, त्रास झाला नाही. अक्का ऐकत होत्या. पेटी त्यांनी उघडली नाही. मग हरिरामकडे सरळ पाहून विचारले, "त्याना हात कसा व्हतात?"

हात कसे होते. याचे भाषांतर करावे लागले नाही. हरिरामने स्वतःचे हात मांडीवरून उचलले, पाहिले आणि पुन्हा खाली ठेवले. अक्का म्हणाल्या, "खंदाले गयथा ना तो?" खणायला गेला होता ना. मी हो म्हटले. "पानी लागनं?" मी पुन्हा हो म्हटले. त्यांचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा बदलला. त्या नानांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "देखा, लागनं त्याले." नानांनी मान खाली घातली. मला तिथून उठून जावेसे वाटत होते, कारण पुढचा प्रश्न मला दिसत होता. हरिरामही मला डोळ्यांनी नको नको म्हणत होता.

"मंग त्यानी पिधं का नही?"

मग तो ते प्याला का नाही. मी खोटे बोललो असतो तर चालले असते. पण तो प्याला आणि तरीही गेला, असे कसे सांगणार? आणि पाणी हाताशी असून प्यालाच नाही, तर ती बाई जन्मभर त्याचेच कारण शोधत बसली असती. मी म्हटले, "अक्का, पानी खारं व्हतं."

"खारं?" त्या म्हणाल्या. पाण्याबद्दल हा शब्द त्यांनी कधी ऐकला नसावा, अशा तऱ्हेने त्यांनी तो उच्चारला. "नदीमा खारं?" मी मान डोलावली. त्यांनी अंगणातल्या रिकाम्या हंड्यांकडे पाहिले. आमची कान नदी पाणी देते किंवा देत नाही. खारे ती कधी देत नाही. शेवटी त्या अगदी हळू म्हणाल्या, "हाई मालेच माहीत नव्हतं. त्याले काय सांगती मी?"

हरिराम त्यांचे शब्द समजला की नाही, कोण जाणे. तो रडायला लागला. तेव्हा अक्कांचे लक्ष त्याच्यापुढच्या तांब्याकडे गेले. गूळ तसाच होता, पाणीही तसेच. जळगावपासून मी त्याला पाणी पिताना पाहिले नव्हते, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले. अक्का उठल्या, तांब्या उचलला आणि नानांच्या हातात दिला. "मना पोऱ्या यानाकरता पानी आनाले गयथा," त्या म्हणाल्या, "पाजा त्याले." नाना आयुष्यात कोणाला पाणी पाजायला वाकले नसतील. ते वाकले. हरिरामने ओंजळ केली, आणि त्या घरातले ते तांब्याभर पाणी तो थांबत थांबत, सगळे प्याला.

मी सुट्टीभर गावीच होतो. खरे बोललो ते बरोबर केले का, हे मला अजून कळलेले नाही, आणि कोणाला विचारायचे तेही कळत नाही. धनराजला विचारले असते. अजून पाऊस नाही, नदी कोरडीच आहे, आणि अक्का पुन्हा पहाटे पात्रात जायला लागल्या आहेत. परवा मी पांदीच्या वाटेने जाताना वरून पाहिले. सात-आठ बाया आपापले हंडे घेऊन कडेला उभ्या होत्या, कोणी घाई करत नव्हती. अक्कांनी गढूळ पाणी उपसून टाकले, निवळ यायची वाट पाहिली. मग वाटीत थोडे घेतले आणि तोंडाला लावले. पूर्वी त्या असे कधी करत नसत. आमच्याकडे कोणीच करत नाही. पाणी त्यांनी लगेच गिळले नाही. तोंडात धरून त्या तशाच बसून राहिल्या, डोळे मिटून. बाया थांबल्या होत्या. थोड्या वेळाने अक्कांनी मान हलवली, बाजूला सरकल्या आणि पहिलीला म्हणाल्या, "भर. गोड शे."